भाग २३ – पुठ्ठ्याच्या खोक्यात किती पाणी?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे, फक्त वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून थोडी सावरली आहे.)



आजचा विषय कागद. म्हणजे खरं तर पाणी. पण त्याच्याकडे आपण कागदातून जाणार आहोत.

आधी जागा सांगतो. मी काळेवाडीत राहतो. पलीकडे पिंपरी, मध्ये पवना. काळेवाडी फाट्यावरून डांगे चौकाच्या बाजूला निघालात की थेरगाव लागतं, आणि थेरगावात १९६० च्या दशकापासून पदमजी पेपर मिल आहे. आपल्याकडे रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही लोक "पेपर मिलजवळ" असं सांगतात. पण कागद बनतो कसा आणि त्याला पाणी किती लागतं, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. आज कुठल्या एका मिलबद्दल बोलायचं नाहीये, कागद बनवायच्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे.

पाण्याचा प्रश्न इथं एवढा नाजूक का?

आपल्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेली ही पद्धत आता अंगवळणी पडलीय. घर बघायला गेलो की आपण आधी टाकी केवढी ते विचारतो. हे पाणी पवना धरणाचं. धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात, शुद्ध करतात आणि मग ते आपल्याकडे येतं. एमआयडीसीचं पाणीही याच नदीचं.

धरणापासून शहरापर्यंत थेट बंद पाइपलाइन टाकायची योजना आली, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेस वेवर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. पवनेचं पाणी कोणाला किती, या प्रश्नावर माणसं गेली आहेत. त्यामुळे या खोऱ्यात कुणी म्हणालं की "कारखान्याला पाणी लागतंच, त्यात काय", तर तेवढ्यावर विषय संपत नाही. किती लागतं? त्यातलं खरंच किती लागतं? आणि उरलेलं जातं कुठं? हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

कागद म्हणजे गाळलेलं पाणी

पुण्याचं आणि कागदाचं नातं जुनं आहे. जुन्नर कागदासाठी प्रसिद्ध होतं. पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे, तिथं हाताने कागद बनवणारे कागदी राहायचे. मुठा तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे १८८० च्या दशकात मुंढव्याला डेक्कन पेपर मिल आली, तीही मुळा-मुठेच्या काठावर. १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने शिवाजीनगरला हातकागद संस्था सुरू झाली. कागद करणारा माणूस नदीजवळ का जातो, ते आता बघू.

घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. जुनं वर्तमानपत्र भिजवा, मिक्सरमधून काढा. जो लगदा होईल तो भरपूर पाण्यात ढवळा, अगदी ताकाहूनही पातळ. मग चाळणीवर ओता. पाणी खाली जातं, तंतू वर राहतात. दाबा, वाळवा, झाला कागद. शेकडो मीटर वेगाने धावणारं मोठं यंत्रसुद्धा हेच करतं.

आता आकडे. यंत्राच्या तोंडाशी, ज्याला हेडबॉक्स म्हणतात तिथं, लगदा साधारण अर्धा टक्का असतो. म्हणजे १ किलो तंतूंमागे २०० लिटर पाणी. एवढं पातळ का? कारण तंतू एकमेकांत गुंततात. दाट लगदा जाळीवर टाकला तर गोळे होतील, कागद कुठे जाड, कुठे विरळ निघेल. पाण्याचं काम तंतूंना सुटं ठेवून सारखं पसरवणं. ते फक्त वाहन आहे.

या २०० लिटरचा हिशोब ऐका. धावत्या जाळीवरून पुढे जाताना, म्हणजे वायरवर, साधारण १९६ लिटर खाली पडतात. पुढे प्रेसचे रोल ओला कागद पिळतात, तिथं आणखी पावणेतीन लिटर निघतात. उरतं सव्वा लिटरच्या आसपास. ते ड्रायरमध्ये वाफ होऊन उडतं आणि थोडासा ओलावा कागदातच राहतो.

म्हणजे १ किलो कागदामागे खरोखर गेलेलं, हाती न येणारं पाणी साधारण सव्वा लिटर. बाकी सगळं यंत्राखालच्या खड्ड्यात जमा झालेलं आहे. हातात आहे.

आता दुसरा आकडा. आपल्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या तक्त्यात पेपर मिलने १ टन कागदामागे किती सांडपाणी काढावं याची मर्यादा दिलेली आहे. मोठ्या मिलला १७५ घनमीटर, आणि रद्दीपासून कागद करणाऱ्या छोट्या मिलला ५० घनमीटर. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, गच्चीवरच्या काळ्या टाकीएवढं. टनाला घनमीटर म्हणजेच किलोला लिटर. म्हणजे कागदासोबत जाणारं पाणी किलोला सव्वा लिटर आणि बाहेर सोडायची परवानगी किलोला ५० किंवा १७५ लिटर! ही वरची मर्यादा आहे. आज नीट चालणाऱ्या मिल तिच्या बऱ्याच खाली आहेत. पण सव्वा आणि ५० यांच्यामध्ये काय आहे, हाच आजचा विषय.

मधलं पाणी जातं कुठं?

पहिली जागा, शॉवर. जाळी आणि फेल्ट, म्हणजे ओला कागद वाहून नेणारं जाड कापड, यांच्यात तंतू अडकतात. ते सतत धुवावं लागतं. त्यासाठी पाण्याचे फवारे असतात आणि त्यांची भोकं बारीक असतात. गढूळ पाणी सोडलं तर ती बुजतात. म्हणून ताजं पाणी वापरलं जातं.

दुसरी जागा, व्हॅक्यूम पंप. कागदातलं पाणी ओढून घ्यायला हे पंप लागतात, आणि त्यांतले बरेचसे पाण्याचं सील वापरतात. ते पाणी फक्त थोडं गरम होतं, घाण फारशी होत नाही. तरी अनेक ठिकाणी ते एकदा वापरून गटारात जायचं. कूलिंग टॉवर लावून तेच फिरवलं की मोठी बचत होते.

तिसरी जागा, लगदा धुणं. लाकूड किंवा बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, शिजवून लगदा केला तर त्यातली रसायनं धुवावी लागतात. पांढरा कागद हवा असेल तर ब्लीचिंग, आणि पुन्हा धुणं. लाकडापासून होणाऱ्या पांढऱ्या कागदाला पाणी जास्त लागतं ते यामुळे. खोक्यांचा तपकिरी क्राफ्ट कागद रद्दीपासून होतो, त्याला हा व्याप नाही.

आणि चौथी जागा, जी मला कामातून कळली. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मागे एका क्राफ्ट पेपर मिलचे मीटर डॅशबोर्डवर आणायचं काम आमच्या टीमकडे होतं. नाव सांगत नाही. ताज्या पाण्याच्या मीटरचा आलेख काढला तर त्यात मध्येच उंच सुळके दिसायचे. उत्पादन वाढलेलं नाही, मग पाणी का वाढतंय? आम्ही त्यावर यंत्राच्या ब्रेकची नोंद ठेवून बघितली. ब्रेक म्हणजे चालू यंत्रावर कागद तुटणं. सुळके बरोबर त्यानंतर येत होते.

शिफ्ट इन्चार्ज काका आलेख बघून हसले. म्हणाले, "अहो, कागद तुटला की सगळंच बिघडतं. तुटलेला माल खाली पल्परमध्ये जातो, तो पातळ करायला पाणी लागतं. इकडे बॅकवॉटरची टाकी भरून वाहते, ती गटारात. अर्ध्या तासाने मशीन सुरू झालं की टाकी रिकामी, मग ताजं पाणी सोडायचं. पंधरा वर्षं बघतोय मी हे. आकड्यात आज बघितलं."

बॅकवॉटर म्हणजे जाळीखाली पडलेलं पाणी. गरम, तंतूंनी भरलेलं, कामाचं पाणी. ते ओतून द्यायचं आणि थोड्या वेळाने नदीचं थंड पाणी घेऊन तापवायचं! पाणी गेलं, तंतू गेले आणि वाफेचा कोळसाही गेला. उपाय काय? मोठी टाकी, आणि पातळी बघून आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह. यात नवीन विज्ञान काहीच नाही. पण टाकीला जागा लागते, पैसा लागतो, आणि पाणी स्वस्त असेल तर तो पैसा कुणी काढत नाही.

आजीच्या तीन बादल्या

मग मिलच्या आत पाणी वाचवायचं कसं? तुमच्या आजीला विचारा. धुणं धुताना तीन बादल्या. शेवटच्या विसळणीचं पाणी जवळजवळ स्वच्छ असतं, ते पुढच्या घाण्याच्या पहिल्या बादलीला. पहिल्या बादलीचं काळं पाणी मोरीत किंवा अंगणात. स्वच्छ पाणी कायम स्वच्छ कपड्याला, मळकं पाणी मळक्या कपड्याला.

मिलमध्ये नेमकं हेच करतात. ताजं पाणी फक्त यंत्राच्या शेवटच्या, सर्वात नाजूक भागाला. तिथून निघालेलं पाणी मागे, लगदा बनवायच्या विभागाकडे. कागद पुढे जातो, पाणी मागे येतं. रद्दी भिजवायला नदीचं ताजं पाणी लागतच नाही, तिला बॅकवॉटर चालतं.

पण शॉवरला गढूळ पाणी चालत नाही, त्याचं काय? तिथं सेव्ह-ऑल नावाचं यंत्र येतं. एक पद्धत अशी, की पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतात, ते तंतूंना चिकटतात आणि तंतू सायीसारखे वर तरंगतात. साय काढून लगद्यात परत, खालचं निवळ पाणी शॉवरला. दुसरी पद्धत जाळीच्या फिरत्या चकत्यांची. तंतूही वाचले, पाणीही वाचलं.

आता हिशोब. समजा दिवसाला १०० टन कागद करणारी मिल आहे आणि ती टनाला १५ घनमीटरवरून ८ वर आली. रोज ७०० घनमीटर, म्हणजे ७ लाख लिटर वाचले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटरचा निकष धरतात. म्हणजे ५,००० हून जास्त माणसांचं रोजचं पाणी. दिवसाआड पाण्याच्या शहरात ही गोष्ट छोटी नाही.

मग शून्यावर का नाही जायचं?

कोडिंग करणाऱ्यांना हे पटकन समजेल. आपण कॅश वापरतो, कारण प्रत्येक वेळी सर्व्हरकडे जाणं महाग पडतं. पण कॅश कधीच साफ केली नाही तर शिळा डेटा साचतो आणि ॲप विचित्र वागायला लागतं. पाण्याचंही तसंच होतं.

रद्दीतल्या खोक्यांत स्टार्च असतं, डिंक असतो, क्षार असतात. पाणी फिरत राहिलं की हे सगळं त्यात विरघळून वाढत जातं. स्टार्च म्हणजे जिवाणूंना मेजवानी. पाइपमध्ये बुळबुळीत थर धरतो, त्याचा तुकडा सुटून कागदावर पडला की कागद तुटतो. हवा नसलेल्या कोपऱ्यात सडण्याची क्रिया सुरू होते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. हा वायू विषारी आहे, बंद टाकीत उतरणाऱ्या कामगाराचा जीव घेऊ शकतो. कॅल्शियमचे थर बसतात, क्लोराइडने लोखंड गंजतं, आणि कागदालाच वास लागतो. मिठाईच्या खोक्याला असा वास आलेला कोणाला चालेल?

म्हणून फिरणाऱ्या पाण्यातलं थोडं सतत बाहेर काढावं लागतं, किंवा आतच साफ करावं लागतं. जर्मनीतल्या झुल्पिच गावातल्या खोक्यांच्या कागदाच्या मिलने १९९० च्या दशकात दुसरा रस्ता घेतला. पाण्याच्या चक्रातच जैविक प्रक्रिया बसवली. आधी हवेशिवाय जगणारे जिवाणू, मग हवेवर जगणारे, आणि साफ झालेलं पाणी परत यंत्राला. या धंद्यात याला किडनी म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे, कारण आपलं रक्तही तेच तेच फिरतं आणि सतत गाळलं जातं. पहिल्या टप्प्यात निघणारा बायोगॅस बॉयलरला जाळता येतो. असे हवाविरहित टँक आपल्याकडच्या मिलमध्येही आहेत, पण बहुतेक ठिकाणी ते शेवटी, सांडपाण्यावर बसवलेले असतात.

आकडा वाचायचा कसा?

इथं जरा लक्ष द्या, कारण याच ठिकाणी बातम्या आपल्याला चकवतात.

नदीत सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असते. बीओडी ३०, सीओडी २५०. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण पूर्ण नष्ट करायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप.

समजा दोन मिल आहेत. पहिली टनाला २० घनमीटर सांडपाणी सोडते, सीओडी २००. पास. दुसरी ८ घनमीटर सोडते, सीओडी ४००. नापास. पण गुणाकार करा. पहिलीची घाण टनाला ४ किलो. दुसरीची ३.२ किलो. नापास झालेली मिल नदीला कमी त्रास देतेय आणि पाणीही निम्म्याहून कमी घेतेय!

याचा अर्थ दुसरीला मोकळं सोडा असा नाही. उन्हाळ्यात पवनेत पाणी कमी असतं, तेव्हा तीव्र सांडपाण्याने मासे मरतात. तिनेही पाणी साफ केलंच पाहिजे. मुद्दा असा, की फक्त मिलिग्रॅमचा आकडा बघितला तर जास्त ताजं पाणी ओढून सांडपाणी पातळ करणाऱ्याला बक्षीस मिळतं. पाणी वाचवणाऱ्याचा आकडा मात्र वाईट दिसतो. म्हणून दोन आकडे शेजारी हवेत: पाणी किती आणि त्यात घाण किती. गुणाकार केला की नदीत रोज किती किलो गेलं ते कळतं.

हा डेटा गोळा होतो का? होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये १७ प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना सतत मोजणारे ऑनलाइन सेन्सर लावायला सांगितले. कागद त्या १७ मध्ये आहे. पण सेन्सर लावला की काम संपलं असं नसतं. सांडपाण्यात बुडवलेल्या सेन्सरवर थर बसतो. तो पुसावा लागतो, प्रमाणित करावा लागतो. तासन् तास एकाच आकड्याची सरळ रेष दिसली, तर डेटावाल्या माणसाने आधी सेन्सरवर शंका घ्यावी. खरं सांडपाणी इतकं शिस्तीत वागत नाही.

आणि प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. पवनेच्या सगळ्या फेसाचं आणि जलपर्णीचं खापर कारखान्यांवर फोडू नका. २०१८ च्या केंद्रीय यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, आणि पवना त्यात आहे. शहरांतून वाहणाऱ्या नद्यांमध्ये सर्वात मोठा वाटा आपल्या घरातल्या मैलापाण्याचा असतो.

तुम्ही काय करू शकता?

"ऑनलाइन मागवणं बंद करा" असं मी म्हणणार नाही. चाकण पट्ट्यातली गोदामंच खोक्यांवर चालतात. पण हिशोब माहीत असू द्या. टनाला १० घनमीटर धरले तर अर्ध्या किलोच्या खोक्यामागे ५ लिटर पाणी. आणि लाकडापासूनच्या पांढऱ्या कागदाला टनाला ५० धरले तर एका ए-फोर कागदामागे फुलपात्रभर. म्हणून दोन्ही बाजूंनी प्रिंट घ्या, यात कंजूषपणा काही नाही.

दुसरं, खोकं कोरडं द्या. भाजीच्या ओल्या कचऱ्यात टाकलेला पुठ्ठा एकतर वाया जातो किंवा धुवायला जास्त पाणी खातो. आपल्याकडे १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे. नावातच पहिला शब्द कागद. त्यांच्या हाती कोरडा पुठ्ठा गेला तर त्यांना भाव चांगला मिळतो आणि पुढे मिलमध्ये पाणी वाचतं.

तिसरं, माझं आवडतं. ज्या कारखान्याला प्रदूषण मंडळाची संमती लागते, त्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरावं लागतं. त्याला फॉर्म ५ म्हणतात. त्यात रोजचा पाणीवापर असतो आणि एकक उत्पादनामागे किती पाणी लागलं हेही असतं, मागच्या वर्षीचं आणि या वर्षीचं, शेजारी शेजारी. मंडळाच्या संमतीपत्रात किती पाणी घ्यायचं आणि किती सोडायचं हे लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात अर्ज करून हे मागता येतं.

आपल्या परिसरातला कुठलाही एक उद्योग घ्या, कागदाचाच असला पाहिजे असं नाही. त्याचे तीन वर्षांचे आकडे एका शीटमध्ये भरा. उत्पादनामागचं पाणी कमी होतंय की नाही, एवढंच बघा. होत असेल तर तसं जाहीर सांगा, त्यांनाही बरं वाटेल. होत नसेल तर का, ते नम्रपणे विचारा. पवनेच्या पाण्यावर शेतकऱ्याचा, कारखान्याचा आणि आपला असा तिघांचा हक्क आहे. मग तिघांचाही हिशोब उघड्यावर असायला काय हरकत आहे?

तुमच्यापैकी कुणी पेपर मिलमध्ये किंवा सांडपाणी प्रक्रियेवर काम करत असेल तर मला जरूर लिहा, तुमच्याकडचे उपाय पुढच्या भागात घेऊ. पुढचा विषय आहे सोसायट्यांमधले एसटीपी: बसवलेत किती आणि चालतात किती. भाग आवडला तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या गुरुवारी. तोपर्यंत टाकी भरून वाहत नाहीये ना, तेवढं बघा!